नवी पॉइंट टू-टू आणि फुटणारा ग्रुप: नळीला दोष देण्याआधी काय काय तपासावं

पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची नळीची रायफल नवी, काडतुसं चांगल्या कंपनीची, नेमबाज गेली तीन-चार वर्षं एअर रायफलवर उत्तम गुण मिळवणारा. तरी ५० मीटरवर प्रोन, म्हणजे पालथं पडून मारलेल्या दहा गोळ्या चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत विखुरलेल्या. कागदावरच्या भोकांच्या या पुंजक्याला आपण ग्रुप म्हणतो. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून रायफल घेतलेली असते, परवान्यासाठी महिनोन् महिने वाट पाहिलेली असते. रेंजवर पहिल्याच दिवशी असं झालं की चेहरे उतरतात आणि कुणीतरी म्हणतं, "नळीच खराब आली."

क्लबच्या रायफलींची देखभाल मी बरीच वर्षं करतो आहे. ही तक्रार इतक्या वेळा हाताळली आहे, की आता माणूस बोलायला लागला की मी आधी त्याचा टार्गेट-कागद मागतो. नळी खरोखर खराब निघाल्याची उदाहरणं मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळी दुखणी स्क्रूत, साइटमध्ये (नेम धरायच्या साधनात), तेलात, काडतुसात किंवा खांद्यात होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) ब्राँझ आणलं. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या होत्या. आपल्याकडची मुलं दहा मीटरवरून पन्नासकडे वळतात यात नवल नाही. त्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हे सविस्तर लिहितो.

आधी लक्षणं

कागद हातात घ्या आणि तुमचं दुखणं यातलं कुठलं ते ओळखा.

- पहिल्या दहा-पंधरा गोळ्या कुठंही, मग ग्रुप हळूहळू जमतो.
- एका ग्रुपऐवजी दोन घट्ट ग्रुप, मध्ये मोकळी जागा.
- ग्रुप छान, पण जागा बदलतो. काल मध्यावर, आज आठच्या रिंगमध्ये. किंवा सुरुवातीला मध्यावर आणि चाळीस गोळ्यांनंतर एका बाजूला.
- ग्रुप उभा, खाली-वर लांबलेला.
- ग्रुप आडवा पसरलेला.
- नऊ गोळ्या एकत्र, एक भलतीकडे. आपण याला फ्लायर म्हणतो.
- कशालाच काही आकार नाही, चहूकडे विखुरलेलं.
- ट्रिगर दाबला, 'टक्' आवाज आला, गोळी सुटलीच नाही.
- कागदावरचं भोक गोल नाही, लांबट आहे.

यातलं शेवटचं लक्षण दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, गोळीबार थांबवा. लांबट भोक म्हणजे गोळी सरळ न जाता उलटसुलट होत गेली. नळीचं तोंड दुखावलं असेल किंवा आत काही अडकलं असेल. तसंच एखाद्या गोळीचा आवाज नेहमीपेक्षा दबका, 'फुस्' असा आला आणि कागदावर भोक दिसलं नाही, तर दुसरी गोळी कधीही भरू नका. पहिली नळीतच अडकलेली असू शकते. रेंज ऑफिसरला हाक मारा. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग, काढून मागून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते त्यांच्यासमोर पाहा. उजेड दिसला नाही तर ती रायफल त्या दिवसापुरती संपली. गोळी आपण ठोकून काढायची नाही.

पुढच्या प्रत्येक तपासणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: रायफल रिकामी, बोल्ट उघडा किंवा बाहेर, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागी) ते रिकामं असल्याची खूण म्हणून सेफ्टी फ्लॅग, नळीचं तोंड टार्गेटकडे. पान्याला हात लावण्याआधी रेंज ऑफिसरची परवानगी. घाईत याच पायऱ्या वगळल्या जातात, म्हणून आधी लिहिल्या.

फुकटची तपासणी: वही

एका ग्रुपवरून काहीही ठरवू नका. पाच गोळ्यांचा एक ग्रुप चांगला आला म्हणून रायफल चांगली ठरत नाही आणि वाईट आला म्हणून वाईटही. दहा-दहा गोळ्यांचे निदान तीन ग्रुप मारा, प्रत्येक कागदावर तारीख, वेळ, काडतुसाचं नाव, खोक्यावरचा लॉट क्रमांक (एका वेळी बनलेल्या काडतुसांचा), वारा आणि पोझिशन लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. स्क्रू आवळला, साइट फिरवली आणि काडतूसही बदललं, मग ग्रुप सुधारला, तर कशामुळे सुधारला? पुढच्या महिन्यात तेच दुखणं उलटेल तेव्हा पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल.

चांगल्या मॅच रायफलीच्या खोक्यात कारखान्यात मारलेला टेस्ट-कागद असतो. तो फेकू नका. तुमच्या नळीनं कारखान्यात शिकंज्यात धरलेली असताना ५० मीटरवर काय केलं, याचा तो पुरावा आहे. त्यावर एका नखाएवढा ग्रुप असेल आणि तुमचा कपाएवढा येत असेल, तर नळी निर्दोष धरूनच पुढे जायचं.

आणि मोजमापाचं भान ठेवा. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग १०.४ मिलिमीटर व्यासाची असते, पुढची प्रत्येक रिंग चहूबाजूंनी ८ मिलिमीटर बाहेर. म्हणजे एक सेंटीमीटरची चूक ही इथं मोठी चूक. एनसीसीत पंचवीस यार्डांवर पॉइंट टू-टू चालवलेल्यांना हा फरक पहिल्या दिवशी चकित करतो.

तेल: एका चिंधीचं काम

पहिल्या पंधरा गोळ्या वाईट आणि मग ठीक, हे लक्षण असेल तर बहुतेक वेळा इथंच उत्तर आहे. नवी रायफल कारखान्यातून निघते तेव्हा गंजू नये म्हणून नळीत आणि चेंबरमध्ये संरक्षक तेल लावलेलं असतं. ते न पुसता मारलेल्या पहिल्या गोळ्या त्या ओल्या थरावरून जातात आणि प्रत्येक वेळी थर वेगळा असतो. आपल्याकडे पावसाळ्यात लोक घरीही नळीत सढळ हातानं तेल सोडतात. कोकणात, कोल्हापुरात ते गरजेचंच आहे, पण रेंजवर जाताना ते आत राहता कामा नये.

बोल्ट काढा. कोरडा कापडी पॅच मागून, म्हणजे चेंबरच्या बाजूनं, तोंडाकडे ढकला आणि तोंडातून बाहेर पडला की काढून टाका. घाणेरडा पॅच परत आत ओढू नका. पॅच कोरडा निघेपर्यंत करा, साधारण चार-पाच लागतात. पॅच ढकलायचा गज मागूनच घालायचा, आणि शक्य असेल तर गज मध्यावर ठेवणारं रॉड-गाइड लावून. तोंडाकडून गज घातला तर तो तोंडाच्या कडेला घासतो, आणि नळीच्या अचूकतेचा शेवटचा शब्द त्या कडेवर लिहिलेला असतो. गोळी सुटताना मागचा वायू सगळीकडून एकसारखा निसटला पाहिजे; कडेला एका बाजूला ओरखडा असेल तर वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला ढकलून देतो. इतर दहा तपासण्या चुकल्या तर दुरुस्त होतील, ही चूक मात्र गनस्मिथकडे घेऊन जाते.

पुसून झाल्यावर लगेच ग्रुप मोजू नका. पॉइंट टू-टूची गोळी शिशाची, वर मेणासारखं वंगण लावलेली. काही गोळ्या गेल्या की त्या वंगणाचा पातळ थर नळीत बसतो आणि मग नळी 'लागते'. दहा ते पंधरा गोळ्या मातीत गेल्या असं समजा. अगदी रोज घासूनपुसून चकचकीत करणाऱ्यांची रायफल रोज सकाळी रुसते ती यामुळेच.

स्क्रू: पंधरा मिनिटं आणि एक टॉर्क-पाना

दोन घट्ट ग्रुप आणि मध्ये फट, किंवा ग्रुप सरकत जाणं, या दोन तक्रारी घेऊन येणाऱ्या नव्या रायफलींत मला सर्वांत जास्त वेळा सैल स्क्रू सापडला आहे.

रायफलीची यंत्रणा, म्हणजे ॲक्शन, दस्त्यात (खांद्याला टेकणाऱ्या सांगाड्यात) दोन स्क्रूंनी बसवलेली असते. दस्ता लाकडाचा असेल तर नवं लाकूड दाबलं जातं, प्रवासात गाडीचे धक्के बसतात, आणि स्क्रू हाताला घट्ट वाटला तरी ॲक्शन प्रत्येक गोळीगणिक केसभर हलते. दोन जागांपैकी कधी या जागी बसते, कधी त्या. कागदावर दोन ग्रुप दिसतात ते हेच.

एवढ्या कामापुरती रिकामी रायफल तोंड वर करून उभी धरा, बटप्लेट (दस्त्याची खांद्याला टेकणारी बाजू) जमिनीवरच्या मऊ चटईवर टेकवा. त्यामुळे ॲक्शन वजनानं मागे आपल्या जागी बसते. दोन्ही स्क्रू थोडे ढिले करा, मग आळीपाळीनं थोडे-थोडे आवळा. किती? हाताच्या अंदाजानं नाही. पुस्तिकेत आकडा दिलेला असतो. बऱ्याच मॅच रायफलींत तो ५ न्यूटन-मीटरच्या आसपास आहे, पण तुमच्या मॉडेलचा तुम्ही बघा, आणि लाकडी व ॲल्युमिनियम दस्त्याचा आकडा वेगळा असू शकतो हे ध्यानात ठेवा. ठरावीक जोरापर्यंतच आवळणारा टॉर्क-पाना महाग वाटला तर क्लबात एक घ्या आणि सगळ्यांनी वापरा. जास्त आवळणंही तितकंच वाईट: ॲक्शन वाकते, लाकूड चिरडतं, आणि ग्रुप फुटतो तो फुटतोच.

आवळून झालं की स्क्रूच्या डोक्यावरून दस्त्यावर जाईल अशी मार्करची बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, हे पान्याशिवाय कळतं. धागा पक्का बसवणारा गोंद लावू नका. पुढचा माणूस तो स्क्रू उघडताना डोकं खराब करून ठेवतो.

त्याच बैठकीत चीकपीस (गाल टेकतो तो भाग), बटप्लेट, हँडस्टॉप (पुढचा हात अडतो तो भाग), स्लिंगची, म्हणजे दंडाला बांधायच्या पट्ट्याची, कडी हेही हलवून पाहा. चीकपीस दोन मिलिमीटर खाली घसरलं तर तुमचा डोळा पीपच्या (मागच्या साइटच्या भोकाच्या) मागे वेगळ्या जागी येतो. ग्रुप घट्टच राहतो पण जागा बदलतो, आणि माणूस दिवसभर साइट फिरवत बसतो.

साइट: हलते का, आणि कुठल्या दिशेला

मागची साइट बोटांत धरून हळूच डावी-उजवी हलवा. जाणवेल न जाणवेल अशी 'टिक्' झाली तरी ती सैल आहे. बहुतेक मॅच रायफलींवर ११ मिलिमीटरचं खाचेचं रेल असतं, साइट त्यावर पकडीनं बसते. रेलवर तेल राहिलं असेल तर पकड घट्ट वाटूनही सरकते; काढा, रेल आणि पकड कोरडी पुसा, परत बसवा. पुढच्या साइटच्या नळकांड्यातली रिंग आणि तिचा दाबस्क्रू विसरू नका. हा दाबस्क्रू इतका छोटा असतो की कुणाचं त्याकडे लक्षच जात नाही, आणि रिंग आत किंचित फिरत राहते.

आता दिशेचा प्रश्न. यावर थोडं थांबतो, कारण यात माणसांचे अख्खे दिवस आणि शंभर-शंभर काडतुसं गेलेली मी पाहिली आहेत. अनेक जर्मन साइट्सवर एच, टी, एल, आर अशी अक्षरं आणि बाण असतात. एच म्हणजे होख, वर; टी म्हणजे टीफ, खाली; एल डावीकडे, आर उजवीकडे. आपण समजतो, एचकडे फिरवलं की गोळी वर जाईल. त्या साइट्सचा अर्थ उलटा आहे: गोळी वर लागत असेल तर एचकडे फिरवा, म्हणजे ती खाली येईल. अक्षर चुकीचं नाव सांगतं, उपाय बाणात आहे. आमच्याकडे एक गृहस्थ आपल्या मुलीची नवी रायफल घेऊन आले होते. गोळ्या वर लागत होत्या, म्हणून ते एचच्या उलट दिशेला फिरवत होते, आणि गोळ्या आणखी वर. शेवटी त्या टार्गेटच्या काळ्या भागाबाहेर गेल्या, तेव्हा ते रायफल परत करायला निघाले होते. पोरगी रडवेली झाली होती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

तुमच्या साइटवर काय लिहिलंय यावर विसंबू नका, चौकोन मारून बघा. मध्यावर तीन गोळ्या. मग साइटच्या चकतीचे दहा क्लिक एका दिशेला, तीन गोळ्या. दहा क्लिक आडव्या दिशेला, तीन. असं करत चौकोन पूर्ण करून मूळ जागी परत, शेवटच्या तीन. पंधरा काडतुसांत तीन गोष्टी कळतात: कुठल्या बाणानं गोळी कुठं जाते, एका क्लिकला किती मिलिमीटर सरकते, आणि साइट परत नेमक्या जागी येते का. शेवटच्या तीन पहिल्या तिनांवर बसल्या नाहीत तर साइटच्या आत झीज किंवा ढिलाई आहे. साइट उघडून बघायचा मोह टाळा. आत बारीक छर्रे आणि स्प्रिंग असतात, टेबलाखाली गेले की संपलं. ती विक्रेत्याकडे पाठवा.

स्कोप लावणाऱ्यांसाठी एवढंच: बरेच स्कोप मोठ्या रायफलींसाठी शंभर यार्डांवर किंवा मीटरवर पॅरॅलॅक्स जुळवून येतात. ५० मीटरवर डोकं थोडं हललं की फुली टार्गेटवर सरकते. रायफल टेकवून, हात न लावता, डोकं किंचित हलवून पाहा. फुली सरकली तर ५० मीटरला जुळवता येणारा स्कोप लागेल.

मन दुखावणारी तपासणी

रायफल दुसऱ्याच्या हातात द्या. क्लबातला अनुभवी नेमबाज प्रशिक्षकासमोर, रेंजच्या नियमांत राहून, त्याच काडतुसांनी दहा गोळ्या मारेल. नाहीतर पुढचा दस्ता वाळूच्या पिशवीवर टेकवून स्वतः मारा. पिशवी दस्त्याखाली, नळीखाली नाही. नळी टेकवली तर ती प्रत्येक गोळीला वेगळी थरथरते.

त्याचा ग्रुप आला आणि तुमचा नाही, तर रायफल बरी आहे. यात कमीपणा काहीच नाही. दहा मीटरहून आलेल्या मुलांना इथं दोन गोष्टी नव्या असतात. एअर रायफलला नसलेला धक्का आणि आवाज यांमुळे ट्रिगरच्या क्षणी खांदा आणि पापणी आधीच हलते. दुसरं, रायफल कलणं. पॉइंट टू-टूची गोळी ५० मीटर जाईपर्यंत साधारण बारा सेंटीमीटर खाली येते, म्हणून साइट तेवढी भरपाई करून वर लावलेली असते. रायफल पाच अंश एका बाजूला कलली तर ती भरपाईही कलते आणि गोळी सुमारे एक सेंटीमीटर बाजूला जाते. दहा मीटरवर हे जवळपास जाणवतच नाही. ग्रुप आडवा पसरत असेल तर दुसऱ्याला मागून उभं राहून पाहायला सांगा: प्रत्येक गोळीला रायफल त्याच कोनात आहे का. समोर कुणीही जायचं नाही.

स्लिंगचा ताणही बघा. पाऊण तासात स्लिंग दंडावरून खाली घसरते आणि ग्रुप तिच्यामागे जातो. सुरुवातीला मध्यावर आणि चाळीस गोळ्यांनंतर बाजूला, या लक्षणाचं हे नेहमीचं कारण.

वारा, ऊन, गाडीची डिकी

मोकळ्या रेंजवर ताशी तीन-चार किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडाचं पान जेमतेम हलेल इतका, गोळीला जवळपास एक रिंग बाजूला नेतो. म्हणून रायफलीची चाचणी सकाळी लवकर घ्या. उन्हाळ्यात दुपारी जमिनीवरची हवा लहरते तेव्हा टार्गेटच जागचं हलल्यासारखं दिसतं. त्या वेळचा कागद पुरावा म्हणून धरू नका. आणि काडतुसं एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. वंगण मऊ पडतं, गोळ्यांना चिकटून एकाकडे गोळा होतं.

काडतूस: इथून खर्च सुरू होतो

उभा ग्रुप, अधूनमधून फ्लायर, आणि वरचं सगळं तपासून झालं असेल, तर आता काडतुसाकडे वळा. ही पायरी मी मुद्दाम इतकी खाली ठेवली आहे. काडतूस आपल्याकडे महाग आहे, परवान्यावर त्याचा मोजका हिशेब असतो, आणि सैल स्क्रूच्या रायफलीत जगातलं सर्वोत्तम काडतूस घातलं तरी काही होत नाही.

पॉइंट टू-टू लाँग रायफलची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची. मॅचचं काडतूस तिला सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर वेगानं सोडतं. यात मुद्दा आहे: आवाजाचा वेग वीस अंश तापमानाला ३४३ मीटर. हाय व्हेलॉसिटी काडतूस त्याच्या वरून सुटतं, वाटेत त्याच्या खाली येतं, आणि ती सीमा ओलांडताना गोळी डळमळते. नव्या मॅच रायफलीबरोबर कुणी 'जोरदार' म्हणून हाय व्हेलॉसिटीची खोकी दिली असतील, तर ग्रुप फुटण्याचं कारण तुमच्या हातात आहे.

उभ्या ग्रुपचा हिशेबही सोपा आहे. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर एक दुसरीपेक्षा सात-आठ मिलिमीटर खाली लागते. म्हणजे पूर्ण एक रिंग, नेमबाजाची काही चूक नसताना. मॅचच्या काडतुसाला जास्त पैसे पडतात ते वेगातल्या सारखेपणाचे, जोराचे नाही.

त्यातही प्रत्येक नळीची आवड वेगळी. शेजारच्या रायफलीत जे काडतूस नखाएवढा ग्रुप देतं, ते तुमच्यात देईलच असं नाही. एकाच नावाच्या काडतुसाचे दोन लॉटसुद्धा वेगळे वागतात. इले आणि लापुआ या कंपन्यांनी यासाठी खास चाचणी-रेंज ठेवल्या आहेत. अव्वल नेमबाज तिथं आपली रायफल शिकंज्यात लावून लॉट निवडतात. आपल्याला तेवढं करायची गरज नाही. क्लबाच्या किंवा विक्रेत्याच्या परवानगीनं, नोंद करून, तीन-चार प्रकारांची एकेक खोकी घ्या. प्रत्येक प्रकाराच्या आधी दहा-पंधरा गोळ्या नळी 'लागण्यासाठी', कारण प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं असतं आणि आधीच्याचा थर जायला वेळ लागतो. मग दहा-दहाचे दोन ग्रुप. घाईनं पाच-पाच गोळ्यांत निकाल लावणारे चांगलं काडतूस नाकारून बसतात. ज्याचा ग्रुप सर्वांत सारखा, त्याचा तोच लॉट परवान्यात बसेल तेवढा घ्या.

मित्राच्या खिशातली काडतुसं अशीच उचलून वापरू नका. रेंजवर प्रत्येक काडतुसाची नोंद असते आणि ती नोंद तुमच्या परवान्याशी जोडलेली असते.

दस्ता नळीला शिवतो का

यासाठी दहा रुपयांची नोट पुरे. बहुतेक मॅच रायफलींत नळी ॲक्शनपासून पुढे मोकळी असते, दस्त्याला कुठंही शिवत नाही. नोट नळी आणि दस्त्याच्या मधून सरकवा. ॲक्शनपर्यंत अडथळा न येता गेली पाहिजे. लाकडी दस्ता जून-जुलैत दमट हवेनं फुगतो आणि मार्चमध्ये मोकळी असलेली नळी एका बाजूला दाबली जाते. नळी तापली की दाब वाढतो आणि ग्रुप एका दिशेला चालत जातो. काही रायफलींत मात्र कंपनीनंच पुढे दस्त्याचा टेकू दिलेला असतो, त्यामुळे आधी पुस्तिका वाचा. नोट अडकली तरी घरी कानशीनं लाकूड घासू नका. चार मिलिमीटर काढलेलं लाकूड परत येत नाही. रायफल आठवडाभर कोरड्या जागी ठेवून पुन्हा पाहा, तरी अडकली तर गनस्मिथ.

'टक्' झालं आणि गोळी सुटली नाही

सर्वांत आधी: बोल्ट लगेच उघडू नका. नळी टार्गेटकडे ठेवून तीस सेकंद थांबा, हात वर करून रेंज ऑफिसरला कळवा. क्वचित दारू उशिरा पेट घेते, आणि ती उघड्या बोल्टमध्ये पेटायला नको.

मग काडतूस बाहेर काढून रेंज ऑफिसरसमोर त्याची कड पाहा. पॉइंट टू-टूमध्ये पेट घेणारा मसाला तळाच्या मध्यावर नसून कडेच्या घडीत सगळीकडे भरलेला असतो, आणि फायरिंग पिन त्या कडेवर आदळते. ठसा खोल आणि स्पष्ट असेल तर दोष काडतुसाचा. कडेच्या त्या भागात मसाला पोचला नसेल. क्वचित एखादं असं निघणं नवल नाही. ठसा पुसट असेल तर पिन जोरानं आदळत नाही. नव्या रायफलीत याचं नेहमीचं कारण बोल्टच्या आतलं घट्ट झालेलं तेल, पिन त्यात पोहत जाते. पुसट ठसा गोळी सुटल्यावरही ग्रुप उभा करतो, कारण मसाला प्रत्येक वेळी सारखा पेटत नाही. म्हणून उभ्या ग्रुपची तक्रार असेल तर सुटलेल्या केसेसचे (रिकाम्या पुंगळ्यांचे) ठसेही ओळीनं मांडून पाहा.

पुस्तिकेत बोल्ट उघडण्याची रीत दाखवलेली असेल तर तेवढंच उघडा, आतलं तेल कोरडं पुसा, कंपनीनं सांगितलेल्या तेलाचा एक थेंब बोटानं पसरवा. पुस्तिकेत नसेल तर बोल्टला हात लावू नका. आणि घरी सरावासाठी रिकाम्या चेंबरवर ट्रिगर मारत बसण्याआधी पुस्तिकेत परवानगी आहे का ते पाहा. काही रायफलींत पिन चेंबरच्या कडेवर आदळते, तिथं खड्डा पडतो आणि मग काडतूस नीट बसत नाही, निघत नाही.

इथं थांबा

ट्रिगरच्या आतले भाग, सीअर (पिन अडवून धरणारा खटका), स्प्रिंग: बाहेरून दिलेल्या जुळवणीच्या स्क्रूपलीकडे काही नाही. हलका केलेला ट्रिगर बोल्ट बंद करताना सुटला तर काय होईल हे सांगायची गरज नाही. बोल्ट बंद करताना एकदा जरी आपोआप सुटला, तर रायफल त्याच क्षणी बंद. नळीच्या तोंडावर ओरखडा, चेंबरमध्ये खड्डा, नळीत न निघणारं काळं कडं, केस फुगलेली किंवा कडेला फाटलेली, चेहऱ्याकडे वायूचा झोत आल्याची जाणीव: यातलं काहीही दिसलं तर घरचा कुठलाही उपाय नको.

यामागे कायदाही आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे. ओळखीचा लेथवाला कितीही कुशल असला तरी त्याच्याकडे नळी किंवा बोल्ट नेऊ नका. तो बिचारा तुमच्यामुळे अडचणीत येईल. परवानाधारक गनस्मिथ, विक्रेता किंवा क्लबाचा आर्मरर (शस्त्रांची देखभाल करणारा), एवढेच रस्ते. रायफल नवी आणि वॉरंटीत असेल तर आधी विक्रेताच, कारण दुसऱ्यानं उघडलेली रायफल परत घेताना तो हात आखडता घेतो.

जाताना परवाना बरोबर, रायफल रिकामी आणि पेटीत, काडतुसं वेगळी. कारखान्याचा टेस्ट-कागद, तुमचे तारखा लिहिलेले दहा-दहा गोळ्यांचे कागद, कुठल्या आकड्याला स्क्रू आवळले त्याची नोंद, आणि ठसे पाहण्यासाठी सुटलेल्या वीसेक रिकाम्या केसेस. न सुटलेलं काडतूस नेऊ नका, ते रेंज ऑफिसरकडेच जमा करा. दुरुस्त होऊन आली की पुन्हा तेल पुसून, स्क्रू तपासून, पंधरा गोळ्या नळीला द्या आणि वहीचं नवं पान काढा.